माळाने घडवलेला कारवानी

दख्खनच्या कारवानी कुत्र्याची हकीकत सांगणारे बहुधा दोन मुक्कामांवर थांबतात. पहिला मुक्काम अरबस्तान-इराणचा: तिकडच्या व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर या कुत्र्याचे पूर्वज इकडे आले. दुसरा मुक्काम कर्नाटकातल्या मुधोळचा: तिथल्या घोरपडे राजांनी मागे पडलेला हा वाण सांभाळला, त्याची जोडी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला भेट दिली आणि तेव्हापासून जगाला त्याची ओळख झाली. या हकिकतीत उगम परक्यांचा आणि उद्धार राजाचा. मधल्या शेकडो वर्षांत हा कुत्रा कोणी पोसला, कोणत्या कामासाठी पोसला, पिढ्यान्‌पिढ्या त्याची छाती खोल आणि पोट आत ओढलेलेच का राहिले, याविषयी ती काही सांगत नाही. माझे म्हणणे असे की कारवानीचा खरा इतिहास या मधल्या काळात आहे. तो घडला दख्खनच्या कोरड्या, उघड्या माळावर, आणि त्याला घडवणारे हात मेंढपाळांचे, भटक्यांचे आणि कोरडवाहू गावकऱ्यांचे होते. राजे आणि व्यापारी या इतिहासात आहेत, पण त्यांचे काम दुय्यम आहे.

हे म्हणणे तपासायला जुन्नरचा मुलूख फार सोयीचा आहे. तांड्यांबरोबर येण्याने एखादा वाण रुजत असेल तर तो इथे सर्वांत आधी रुजायला हवा. कोकणातली बंदरे आणि देश यांना जोडणारा नाणेघाट इथलाच, आणि सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेखही त्याच घाटातला. जुन्नरच्या लेण्यांत यवन दात्यांची नावे कोरलेली आहेत. १४९० मध्ये मलिक अहमदने निजामशाहीची सुरुवात केली तीही याच गावातून. त्याच्या वीसेक वर्षे आधी अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी चौलला उतरून विकायचा घोडा घेऊन जुन्नरला आला, पावसाळाभर अडकून पडला आणि तिथल्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला, तो मोठ्या खटपटीने त्याला परत मिळाला. म्हणजे इराणी आखातातला जिवंत माल या रस्त्याने येत होता, याबद्दल शंका नको. तरीही आज कारवानीचा विचार करताना कोणी जुन्नरच्या मीना नदीच्या खोऱ्याकडे पाहत नाही. नारायणगावला लागून असलेल्या वारूळवाडीसारख्या गावाच्या शिवारात ऊस आहे, द्राक्ष आहे, टोमॅटो आहे. डोळ्यांनी सावज हेरून उघड्यावर धावणाऱ्या कुत्र्याला तिथे कामच नाही. वाण नाव घेण्याजोगा टिकला तो मुधोळ, जत, सोलापूर, लातूर या दुष्काळी पट्ट्यात. व्यापाराचा रस्ता एका ठिकाणी आणि कुत्रा दुसऱ्या ठिकाणी, ही विसंगती मला महत्त्वाची वाटते.

आधी हा प्राणी नीट डोळ्यांपुढे आणू. पूर्ण वाढलेला नर खांद्यापाशी साधारण ६८ ते ७२ सेंटिमीटर उंच, मादी चार-पाच सेंटिमीटर कमी. डोके लांब आणि अरुंद, डोळे बाजूला सरकलेले, त्यामुळे मान न वळवता माणसापेक्षा कितीतरी रुंद पट्टा त्याला दिसतो. छाती कोपरापर्यंत उतरलेली, कंबर बारीक, पाठ लवचिक, पाय सशासारखे लांबट. भरधाव पळताना एका झेपेत दोनदा चारही पाय जमिनीवरून सुटतात, एकदा शरीर पूर्ण ताणलेले असताना आणि एकदा पूर्ण आवळलेले असताना. आखूड, गुळगुळीत केसांच्या जातीला कारवानी आणि कानांवर-शेपटीवर लांब केसांची झालर असलेल्या जातीला पश्मी म्हणतात. अंगावर चरबी जवळजवळ नाही, म्हणून कडाक्याची थंडी त्याला सोसत नाही. उन्हाळा मात्र तो काढतो. या शरीराचा प्रत्येक भाग एकाच कामाकडे बोट दाखवतो: झुडपे विरळ, गवत गुडघ्याखाली, समोर ससा, चिंकारा किंवा काळवीट, आणि मध्ये काहीच आड नाही. कुसळी आणि मारवेल या गवतांचे माळ हेच त्याचे कामाचे ठिकाण.

या माळावर माणूस आणि कुत्रा किती जुने? मीना आणि कुकडी या जुन्नरच्या दोन्ही नद्या घोडनदीला मिळतात, आणि त्याच घोडनदीच्या काठी शिरूर तालुक्यात इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून बारा-पंधरा वर्षे तिथे उत्खनन केले आणि इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातले ताम्रपाषाणयुगीन गाव उजेडात आणले. त्या गावाच्या हाडांच्या साठ्यात गुरे, शेळ्या-मेंढ्या, रानातली हरणे यांच्याबरोबर पाळीव कुत्राही आहे. मला त्याहून मोलाचा वाटतो तो तिथल्या शेवटच्या टप्प्याचा पुरावा. मधुकर ढवळीकरांनी दाखवले की इसवी सनापूर्वी १००० नंतर हवामान कोरडे होत गेले, शेती आटली, चौकोनी मोठी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, आणि लोक शेळ्या-मेंढ्या व शिकार यांच्यावर अधिक विसंबून अर्धभटके झाले. दुष्काळ पडला की नांगर मागे पडतो आणि कळप पुढे येतो, हा दख्खनचा क्रम तेव्हापासूनचा आहे. कळपाबरोबर कुत्रा आलाच. इनामगावचा कुत्रा कारवानीसारखा दिसत होता असा दावा मी करणार नाही. थोड्या हाडांवरून जात ठरवणे धाडसाचे होईल. मात्र त्या कुत्र्याचे काम ज्या जीवनपद्धतीतून निघाले ती तीन हजार वर्षांची आहे, इतके म्हणायला आधार आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ मध्ये सापडलेली ब्राँझची शिल्पे याच संदर्भात पाहायला हवीत. हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैलांचा रथ, अशी ती चार. रथ हाकणारा माणूस उभा आहे आणि रथाच्या लांब दांड्यावर, बैल आणि सारथी यांच्या मध्ये, एक कुत्रा उभा आहे. शिल्पांच्या काळावर विद्वानांत मतभेद आहेत. काहींनी ती उत्तर-सिंधू काळातली मानली, तर काहींनी धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावरून शंका घेतली. त्यामुळे या कुत्र्यावर मोठी इमारत उभी करू नये. तरी एवढे दिसते की ज्याने ते शिल्प ओतले त्याच्या मनात माणूस, बैल आणि कुत्रा ही एकत्र निघालेली टोळी होती.

प्राचीन जगात हिंदुस्थानचे शिकारी कुत्रे नावाजलेले होते आणि त्यांचा प्रवास पश्चिमेकडे होत होता, ही गोष्ट आयातीची हकीकत सांगणारे विसरतात. हिरॉडोटस लिहितो की बाबिलोनच्या इराणी सुभेदाराकडे इतके हिंदी कुत्रे होते की त्यांच्या पोटापाण्यासाठी चार मोठी गावे नेमून दिली होती आणि त्या बदल्यात त्या गावांना इतर कर माफ होते. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इजिप्तमध्ये झेनॉन नावाच्या ग्रीक कारभाऱ्याजवळ टाउरॉन नावाचा हिंदी कुत्रा होता. रानडुकराशी झुंजून त्याने मालकाला वाचवले आणि स्वतः मेला. त्याच्या थडग्यासाठी रचलेल्या कविता पपायरसवर टिकून राहिल्या आहेत. हे कुत्रे बहुधा पंजाब-सिंधूकडचे आणि थोराड बांध्याचे. त्यांना दख्खनी ठरवण्याचा मोह मी टाळतो. पण रस्ता दुतर्फा होता एवढे यातून ठरते, आणि चांगला शिकारी कुत्रा बाहेरूनच यायला हवा हे गृहीतक तिथेच ढिले होते.

खरा भक्कम पुरावा दहाव्या शतकातला आहे आणि तो दख्खनच्या राजकारणातूनच येतो. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण आणि त्याचा मांडलिक गंग राजा बूतुग यांनी तक्कोलमच्या लढाईत चोळांचा पराभव केला. चोळ राजपुत्र राजादित्य पडला. या लढाईत पराक्रम गाजवलेल्या मणलेर नावाच्या सरदारावर बूतुग प्रसन्न झाला आणि माग म्हणाला. मणलेराने गाव मागितले नाही, पद मागितले नाही. त्याने राजाजवळची काळी नावाची शिकारी कुत्री मागितली. पुढे एका मोठ्या रानडुकरावर तिला सोडले तेव्हा दोघेही एकमेकांच्या हातून मेले. तिच्यासाठी आतकूर इथे, आजच्या मंड्या जिल्ह्यात, शिळा उभारली, शिळेवर कुत्रा आणि डुक्कर कोरले, तिच्या पूजेसाठी जमीन लावून दिली. हा सारा मजकूर त्याच शिळेवर कोरलेला आहे आणि त्याचा काळ इसवी सन ९५० च्या आसपासचा आहे. आपल्याकडे वीरगळ गावोगाव दिसतात; गाई सोडवताना किंवा लढताना पडलेल्या माणसांचे ते स्मारक. त्याच मानाची शिळा कुत्रीला मिळावी, यावरून त्या समाजात शिकारी कुत्र्याची किंमत किती होती ते कळते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने सुमारे ११३० मध्ये रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये कुत्र्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, लातूरला लागूनच. बहमनी राज्य स्थापन झाले १३४७ मध्ये. इराणी-अरबी घोडेव्यापाऱ्यांची मोठी वर्दळ त्या काळातली मानली, तर शिकारी कुत्र्याची दख्खनी परंपरा तिच्या आधी सुमारे चारशे वर्षे लेखांत नोंदलेली आहे.

लोककथाही इथे साक्ष देतात. विजयनगरच्या स्थापनेची कथा सोळाव्या शतकात पोर्तुगीज व्यापारी फर्नांव नुनिझ याने लिहून ठेवली. राजा कुत्रे घेऊन शिकारीला गेला असता एक ससा पळून जाण्याऐवजी उलटून कुत्र्यांवर तुटून पडला, म्हणून ती भूमी पराक्रमी समजून तिथे नगर वसवले. अशीच कथा गुजरातच्या अहमदाबादविषयी सांगतात. घटना खरी मानायचे कारण नाही. पण कथा लोकांच्या तोंडी रुळण्यासाठी तिच्यातला नेहमीचा भाग सर्वांच्या ओळखीचा असावा लागतो. कुत्रा सशामागे धावतो हे रोजचे दृश्य असेल तरच ससा कुत्र्यामागे धावला याचे नवल वाटते.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. कारवानी आणि पश्चिम आशियातला सलूकी यांच्यातले साम्य उघड आहे, पश्मीच्या कानांवरची झालर तर सलूकीच्याच वळणाची आहे. उत्तरेत परके कुत्रे आल्याच्या नोंदी आहेत: अबुल फजल ‘आइन-ए-अकबरी’त काबूलकडच्या, विशेषतः हजारा भागातल्या कुत्र्यांची वाखाणणी करतो, आणि जहांगीराला इंग्लंडच्या कुत्र्यांची हौस होती हे टॉमस रोच्या वृत्तांतातून कळते. २००४ मध्ये ८५ जातींच्या जनुकांची तुलना झाली, तेव्हा सलूकी आणि अफगाण हाउंड हे प्राचीन गटात निघाले. मग कारवानी त्यांचाच वंशज का नसावा? काही रक्त तिकडून आले असेल हे मी नाकारत नाही. घोड्याच्या जहाजांतून, सरदारांच्या भेटींतून, फौजांच्या मुक्कामांतून ते येणे साहजिक आहे. पण साम्य हा वंशाचा पुरेसा पुरावा नाही. २०१७ मध्ये १६१ जातींवर झालेल्या अभ्यासातून असे पुढे आले की एकसारखे काम करणाऱ्या, एकसारख्या दिसणाऱ्या जाती वेगवेगळ्या प्रदेशांत वेगवेगळ्या मुळांतूनही घडल्या आहेत. तमिळनाडूतले विरुदुनगर-तूत्तुकुडीकडचे चिप्पिपारै आणि कन्नी हेही असेच सडपातळ धावरे कुत्रे, आणि तो भागही कोरडा, उघडा, सशांचा. मध्य आशियातला ताझी, सहाराच्या कडेचा अझावाख, रशियाच्या गवताळ पट्ट्यातला बोरझोई, सगळीकडे हाच सांगाडा आणि सगळीकडे मोकळी जमीन. शिवाय येणे आणि टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाहेरून आलेली दहा-वीस कुत्री गावठी कुत्र्यांच्या गर्दीत पाच-सात पिढ्यांत विरून जातात, जर कोणी मुद्दाम निवड करून त्यांचा बांधा राखला नाही तर. जुन्नरच्या रस्त्याने आली असतील तरी ती तिथे टिकली नाहीत. जिथे माळ आणि माळावरचे लोक होते तिथेच हा बांधा राहिला. तेव्हा रक्त कुठून आले या प्रश्नाइतकाच, माझ्या मते त्याहून अधिक, ते कोणी राखले हा प्रश्न इतिहासाचा आहे.

राजांनी राखले, असे उत्तर लगेच येते, आणि मराठी मनाला ते प्रियही आहे. जुन्नर हा शिवनेरीच्या पायथ्याचा मुलूख असल्याने इथे ते अधिकच ऐकू येते: शिवाजी महाराजांच्या फौजेत मुधोळचे, म्हणजे कारवानी, कुत्रे होते, रायगडावरचा वाघ्या कुत्रा त्यातलाच. पण वाघ्याचा उल्लेख समकालीन कागदांत मिळत नाही. रायगडावरची त्याची समाधी १९३६ च्या सुमाराची, इंदूरच्या तुकोजीराव होळकरांच्या देणगीतून झालेली. राम गणेश गडकऱ्यांनी ‘राजसंन्यास’ हे नाटक वाघ्याला अर्पण केल्यामुळे तो घराघरांत पोहोचला. आणि मुधोळशी भोसल्यांचे नाते काय होते हेही आठवायला हवे. १६४८ मध्ये शहाजी राजांना जिंजीजवळ कैद करण्यात मुधोळच्या बाजी घोरपड्याचा हात होता, आणि १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी मुधोळवर चाल करून त्याला मारले. या वैराच्या काळात तिथून कुत्रे भेट येत होते असे मानायला पुरावा लागेल. महाराजांचे मोठेपण अशा गोष्टींवर अवलंबून नाही. त्या गोष्टींमुळे कुत्र्याचा खरा इतिहास मात्र झाकला जातो. मराठेशाहीत ज्या राजाचे कुत्र्यावरचे प्रेम नोंदले गेले आहे ते सातारचे शाहू महाराज. वाघाच्या शिकारीत जीव वाचवणाऱ्या कुत्र्याला त्यांनी पालखी आणि जहागीर दिल्याचे ग्रँट डफने १८२६ च्या इतिहासात लिहिले आहे, आणि संगम माहुलीला खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी आजही दाखवतात. हे प्रेम मनापासूनचे होते. पण एका कुत्र्याला पालखी देणे वेगळे आणि वाणाची शंभर वेते राखणे वेगळे.

मुधोळच्या मालोजीराव घोरपड्यांचे श्रेय मी कमी करत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी या कुत्र्यांची निवडक पैदास केली, त्यांना नाव दिले, प्रतिष्ठा दिली. पण त्यांनी ती कुत्री कुठून घेतली? आपल्या संस्थानातल्या बेडर शिकाऱ्यांकडून, हे मुधोळच्याच परंपरेत सांगितले जाते. म्हणजे राजाच्या कुत्राखान्याआधी पालांत आणि वस्त्यांत वाण तयार होता. आणि १९४८ मध्ये संस्थान विलीन होऊन राजाश्रय संपल्यावरही कुत्रा संपला नाही. आजूबाजूच्या खेड्यांतली कुटुंबे त्याची पैदास करत राहिली. आजही शेकडो कुटुंबांना त्यातून मिळकत होते. जो राजाश्रयाच्या आधी होता आणि नंतरही राहिला, त्याचे मूळ राजाश्रयात शोधणे चूक आहे.

इथे एक शंका घेतली जाते की वंशावळीचे कागद नसलेल्या, निरक्षर माणसांना शुद्ध पैदास कशी साधेल? ज्याने मेंढपाळ पाहिला आहे त्याला ही शंका येणार नाही. शेकडो मेंढरांतली कोणती कोणाची, कोणत्या मेंढ्याला ठेवायचे आणि कोणाला विकायचे, हे धनगर स्मरणात ठेवतो. वाघरीच्या जाळीत कोंडलेल्या कळपाची पैदास त्याने हजार वर्षे कागदाशिवाय चालवली आहे. तीच नजर कुत्र्याला लागू होते. मादी माजावर आली की बांधून ठेवायची, सशामागे दमछाक न होता पळणाऱ्या नराकडे न्यायची, वेतातली एक-दोन पिल्ले ठेवायची, बाकीची नात्यात किंवा दुसऱ्या वस्तीवर द्यायची. ज्वारीची भाकरी आणि ताक एवढ्या खुराकावर जे जगले नाही, वैशाखातल्या उन्हात जे धावले नाही, त्याचा वंश पुढे गेला नाही. डौलाच्या कुत्र्यांच्या स्पर्धेत परीक्षक उंची मोजतो. इथे परीक्षा रोजच्या जेवणाची होती. या लोकांच्या धर्मातही कुत्र्याला जागा आहे. खंडोबाच्या घोड्याबरोबर कुत्रा असतो, भैरवाचे तर तो वाहनच. मीनेच्या काठी वडजला आणि आंबेगावातल्या धामणीला खंडोबाची ठाणी आहेत, आणि जेजुरीच्या परंपरेत वाघ्ये, म्हणजे खंडोबाला वाहिलेले भक्त, स्वतःला देवाचे कुत्रे मानून कोटंब्यात, म्हणजे भिक्षापात्रात, घातलेले अन्न खात असत. ज्याला उंबऱ्याबाहेर ठेवायचे त्या प्राण्याची भूमिका भक्ताने घ्यावी, हे मेंढपाळांच्या आणि शिकाऱ्यांच्या देवाकडेच घडू शकते. गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने आयुष्यभर धनगरांच्या आणि खंडोबाच्या परंपरा नोंदल्या. कारवानीच्या अभ्यासकांनी त्या अजून पुरेशा वाचलेल्या नाहीत असे मला वाटते.

स्वभावाचे कोडेही याच कामातून सुटते. कारवानी पाळलेले लोक तक्रार करतात की तो हाक मारली तरी येत नाही, शिकवलेले करायला टाळाटाळ करतो, परक्याने हात लावलेला त्याला खपत नाही, दरडावले की कोपऱ्यात जाऊन बसतो. अल्सेशियनच्या तुलनेत तो मंदबुद्धी ठरवला जातो. पण अल्सेशियन हा मेंढरे वळवणाऱ्या कुत्र्यांच्या कुळातला, माणसाच्या खुणेकडे डोळे लावून काम करणारा. कारवानीचे काम नेमके उलट. एकदा सोडल्यावर तो काही क्षणांत मालकापासून दोन-तीनशे पाऊले पुढे असतो, ताशी पन्नास किलोमीटरच्या आसपास वेगाने, आणि ससा दिशा बदलतो तेव्हा निर्णय त्यालाच घ्यायचा असतो. तिथे शब्द पोहोचत नाही. जो कुत्रा मागे वळून आज्ञेची वाट पाहील तो सावज गमावील, आणि त्याचा वंश राखला जाणार नाही. शेकडो वर्षे स्वतःच्या डोक्याने ठरवणाऱ्यांचीच निवड झाल्यावर आज त्याला हट्टी म्हणणे अन्याय आहे. परक्याशी अंतर ठेवणे हेही तसेच: माळावरच्या पालाशी रात्री येणारा अनोळखी माणूस बहुधा चांगल्या हेतूने येत नसे. आपल्या बिऱ्हाडातल्या मुलांशी हाच कुत्रा अतिशय मऊ असतो, विनाकारण भुंकत नाही, घरात असला तर तासन्‌तास निमूट पडून राहतो. अंगातली सगळी ताकद तो थोड्या मिनिटांच्या धावण्यासाठी राखून ठेवतो.

माळावरचा माणूस आणि कुत्रा यांची एवढी जुनी जोडी मोडली कशी, हे पाहताना काळ जवळचा आहे हे ध्यानात येते. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ च्या दुरुस्तीनंतर मुंबई इलाख्यात लागू झाला आणि बेडर म्हणजेच बेरड, पारधी, कैकाडी अशा जमातींच्या हिंडण्यावर हजेरी आणि वसाहतींच्या कुंपणाची बंधने आली. १९५२ मध्ये कायदा रद्द झाला, संशय राहिला. ज्यांच्या बिऱ्हाडाबरोबर हा कुत्रा चालत होता त्यांचे चालणेच गुन्हा ठरले. मग माळ गेला. जुन्नर-आंबेगावात हा बदल डोळ्यांसमोर झाला: येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या कुकडी प्रकल्पाच्या धरणांनी पाणी आणले, पाण्याबरोबर ऊस आला, शिरोलीला विघ्नहर आणि पारगावला भीमाशंकर साखर कारखाना उभा राहिला. दुष्काळात होरपळलेल्या शेतकऱ्याच्या घरी त्यामुळे चार पैसे आले, त्याबद्दल तक्रार करण्याचा अधिकार कोणाला नाही. पण उसात सशाऐवजी बिबट्या राहू लागला. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. नजरेच्या बळावर जगणाऱ्या कुत्र्याला उसाच्या भिंतींत दिसत काहीच नाही. आज या बाजूला कोरडा उघडा माळ पाहायचा तर पूर्वेला आणे पठाराकडे जावे लागते. आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या कुत्र्याचे मूळ कामच बंद केले. काळवीट आणि चिंकारा वाचवायचे तर ते आवश्यकच होते. पुणे-अहिल्यानगर भागात रेहेकुरी आणि मयूरेश्वर ही त्यांची अभयारण्ये झाली, पण ती जेमतेम काही चौरस किलोमीटरची आहेत.

काम गेल्यावर वाण सांभाळायची जबाबदारी सरकारने आणि हौशी लोकांनी घेतली आहे. २००५ मध्ये टपाल खात्याने मुधोळच्या कुत्र्याचे तिकीट काढले, कर्नाटकच्या पशुवैद्यक विद्यापीठाने मुधोळजवळ तिम्मापूरला संशोधन केंद्र उभारले, २०१६ मध्ये लष्कराने मेरठला त्यांचे प्रशिक्षण सुरू केले, आणि राष्ट्रीय पातळीवर राजपालयम, चिप्पिपारै यांच्याबरोबर त्याची अधिकृत देशी जात म्हणून नोंद झाली. हे सगळे स्वागतार्ह आहे. धोका मला दुसरीकडे दिसतो. आपण हा कुत्रा परदेशी खानदानाचा आणि राजदरबाराचा म्हणून गौरवत राहिलो, तर पैदास करणारा उंची, रंग आणि सलूकीशी साम्य यांच्यासाठी निवड करील. शहरातल्या गिऱ्हाइकाला आवडावा म्हणून त्याचा अलिप्तपणा पुसून टाकील, भाकरीवर तगणारे पोट आणि उन्हात टिकणारा दम तपासणारच नाही. दिसायला कारवानी राहील आणि आतून दुसराच प्राणी होईल.

शेवटचा आक्षेप असा येऊ शकतो की शिकार बंदच आहे, मग कामावर निवड करायची तरी कशी? सावज मारण्याची गरज नाही. दोरीने ओढलेल्या चिंधीमागे उघड्या माळावर धावण्याच्या चाचण्या जगात अनेक ठिकाणी होतात. त्या भर उन्हाळ्यात, दख्खनच्या जमिनीवर घेता येतील, आणि ज्या नराने तिथे दम दाखवला त्याचीच पैदास पुढे न्यावी असा दंडक नोंदणीला जोडता येईल. मेंढपाळांच्या बिऱ्हाडांबरोबर राखणीचे काम तर आजही आहे, लांडगा आणि चोर दोघेही अजून आहेत. त्याचबरोबर नोंदवहीत एक रकाना वाढवावा: हे कुत्रे कोणत्या गावातून, कोणत्या जमातीच्या घरातून आले, आणि त्या घरातल्या म्हाताऱ्याला त्याच्या किती पिढ्या तोंडपाठ आहेत. बेडरांच्या, धनगरांच्या, वडारांच्या वस्त्यांत अशी स्मरणे अजून शिल्लक आहेत. ती लिहून घेण्याचे काम पशुवैद्यकापेक्षा इतिहासाच्या विद्यार्थ्याचे आहे, आणि सांगली-सोलापूर-लातूरच्या महाविद्यालयांना ते येत्या उन्हाळ्यात सुरू करता येईल.